मिसिंग मारणारं इंजिन: पार्ट बदलण्याआधी काय तपासायचं आणि कंपनीचं बुलेटिन कसं वाचायचं

पावसाळा लागला की आमच्या डिचोलीच्या गॅरेजात दिवस बहुधा एकाच वाक्याने उजाडतो: "बाब, गाडी झटके मारते." कुणाच्या गाडीचा पिकअप गेलेला असतो, कुणाची सिग्नलला उभी असताना थरथरते, कुणाचा चेक इंजिनचा दिवा लागलेला असतो. तक्रारी वेगळ्या, पण मूळ बहुतेकदा एकच असतं: मिसफायर, म्हणजे एखाद्या सिलिंडरमधलं मिश्रण नीट न पेटणं. आमच्या बोलीत मिसिंग. गाडी माझ्यापर्यंत येते तोवर तिच्यावर पैसे खर्चही झालेले असतात. नवे प्लग, नव्या कॉईल (प्लगला ठिणगीसाठी व्होल्टेज देणारा भाग), इंजेक्टर (पेट्रोल फवारणारा भाग) क्लीनिंग, आणि तरी झटके तसेच. मला त्याचं फार वाईट वाटतं, कारण त्यातला बराचसा खर्च तासाभराच्या नीट तपासणीने वाचला असता. म्हणून ही तपासणी मी ज्या क्रमाने करतो, त्याच क्रमाने इथे लिहितो. शेवटी बुलेटिन, म्हणजे कंपनी आपल्या वर्कशॉपना पाठवते तो दुरुस्तीचा कागद, कसं वाचायचं तेही सांगतो. पेट्रोल आणि सीएनजी गाड्यांचंच सांगतो. डिझेलला ठिणगीचा प्लगच नसतो, तिथे तपासाचा रस्ता वेगळा.

आधी इंजिन काय करतं ते डोळ्यांसमोर आणा. चार सिलिंडरच्या बहुतेक इंजिनांत पेटण्याचा क्रम १-३-४-२ असतो आणि क्रँकशाफ्टच्या (पिस्टन फिरवतात त्या मुख्य दांड्याच्या) दर दोन फेऱ्यांत प्रत्येक सिलिंडर एकदा पेटतो. म्हणजे आयडलला (ॲक्सिलरेटर न दाबता इंजिन चालू असताना) ८०० आरपीएम, म्हणजे मिनिटाला ८०० फेरे, धरले तर एकेक सिलिंडर मिनिटाला ४०० वेळा पेटतो. प्रत्येक पेटण्याबरोबर क्रँकला धक्का मिळतो. एखादा धक्का चुकला की क्रँक त्या क्षणापुरती मंदावते आणि क्रँक सेन्सरवरून ईसीयूला, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरला, ते कळतं. कुठल्या सिलिंडरच्या पाळीत मंदावली हेही कळतं, म्हणून तर स्कॅनरवर दिसणाऱ्या बिघाडाच्या कोडमध्ये सिलिंडरचा नंबर येतो. धक्का चुकण्याची कारणं तीनच घरांतली: ठिणगी नीट पडली नाही, हवा आणि इंधनाचं प्रमाण बिघडलं, किंवा सिलिंडरमध्ये दाब बनला नाही.

आधी वहीचं एक पान

स्कॅनर लावण्याआधी मी गिऱ्हाईकाकडून एक पान भरून घेतो. झटके थंड इंजिनावर येतात की गरम झाल्यावर? उभ्या गाडीत, सरळ रस्त्यावर की चढावर? एसी चालू असताना वाढतात का? पाऊस पडून गेल्यावर किंवा गाडी धुतल्यावर येतात का? शेवटचं पेट्रोल कधी भरलं? सीएनजी असेल तर त्रास गॅसवर होतो, पेट्रोलवर होतो की दोन्हींवर? आणि गेल्या महिनाभरात गाडीला कुणी हात लावला?

हा शेवटचा प्रश्न लोक विसरतात. एअर फिल्टर बदलताना एखादा व्हॅक्यूमचा पाईप निसटतो, कपलर (वायरींचा जोड) अर्धवट बसतो, आणि दोन दिवसांनी मिसिंग सुरू होतं.

या पानावरून अर्धा रस्ता दिसतो. पावसाशी संबंध असेल तर आधी विजेकडे बघायचं: कॉईल, प्लगची नळी, वायरिंग. आयडलला थरथर आणि पळताना बरी, तर हवेची गळती. सरळ रस्त्यावर ठीक पण केरीहून चोर्ला घाटाच्या चढाला लागलं की दम सोडते, तर ठिणगी अशक्त आहे किंवा इंधनाचा दाब कमी पडतोय. चढावर ॲक्सिलरेटर दाबला की सिलिंडरमधला दाब वाढतो आणि दाबलेल्या मिश्रणातून ठिणगी उडवायला जास्त व्होल्टेज लागतं. सपाटीवर वेळ मारून नेणारी कॉईल तिथे उघडी पडते. सकाळी पहिल्या मिनिटालाच मिसिंग, सायलेन्सरमधून पांढरा धूर आणि कूलंटची पातळी हळूहळू खाली, असं असेल तर हेड गॅस्केटचा (इंजिनाचा ब्लॉक आणि वरचं हेड यांच्यामधल्या सीलचा) संशय धरावा.

सगळ्याच थरथरी मिसिंगच्या नसतात. तीन सिलिंडरची इंजिनं आयडलला थोडी हलतातच. इंजिन माउंटिंगचं रबर गेलं की गिअरमध्ये टाकल्यावर गाडी थरथरते. क्लच खराब असेल तर गाडी सुटताना झटका बसतो. यांपैकी कशानेही सिलिंडरचं पेटणं चुकत नाही, त्यामुळे तिथे प्लग बदलून काहीच फरक पडत नाही.

दिवा नुसता लागलाय की लुकलुकतोय?

दिवा स्थिर असेल तर गाडी सावकाश चालवत गॅरेजपर्यंत आणता येते. लुकलुकत असेल तर ॲक्सिलरेटर लगेच हलका करा आणि सोय बघून थांबा. लुकलुकण्याचा अर्थ असा की न पेटलेलं पेट्रोल इतकं बाहेर जातंय की ते कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (सायलेन्सरच्या रस्त्यातला धूर शुद्ध करणारा भाग) जळून त्याला नको इतकं तापवतंय. आतली जाळी वितळते, मग सायलेन्सरचा रस्ता तुंबतो आणि एका कॉईलचं काम कित्येक पट महाग होऊन बसतं. "घाट चढून पलीकडे बघू" हा विचार तेव्हा करू नका. टोइंग बोलवा.

स्कॅनर: कोड वाचा, पण लगेच पुसू नका

भारतात चारचाकींना ओबीडी-२ (गाडीने स्वतःचा बिघाड ओळखून कोड साठवण्याची यंत्रणा) एप्रिल २०१३ पासून आलं, त्यामुळे त्यानंतरच्या गाड्यांत स्टीअरिंगच्या खालच्या बाजूला १६ पिनांचं सॉकेट सापडतं. मोबाईलला ब्लूटूथने जोडणारा साधा ॲडाप्टरही घरच्या कामाला पुरतो.

पी०३०० म्हणजे मिसफायर एकाच सिलिंडरवर नाही, इकडे-तिकडे फिरतोय. पी०३०१ ते पी०३०४ म्हणजे त्या त्या नंबरचा सिलिंडर. पी०३५१ ते पी०३५४ कॉईलच्या सर्किटबद्दल बोलतात, पी०२०१ ते पी०२०४ इंजेक्टरच्या. पी०१७१ म्हणजे मिश्रणात पेट्रोल कमी, हवा जास्त. पी०३०० सोबत पी०१७१ असेल तर मी प्लग खोलतही नाही, आधी हवेची गळती आणि पेट्रोलचा दाब बघतो. सगळ्या सिलिंडरना एकदम त्रास देणारी गोष्ट सगळ्यांना समाईक असणार.

कोडच्या मागे एक फार मोलाची नोंद असते, फ्रीझ फ्रेम. कोड पडला त्या क्षणाचा आरपीएम, वेग, इंजिनावरचा लोड, कूलंटचं तापमान आणि फ्युएल ट्रिम (ईसीयूने पेट्रोलमध्ये केलेला फेरफार, त्याबद्दल पुढे) त्यात साठवलेले असतात. गिऱ्हाईकाच्या पानाशी ते ताडून बघायचं. तो म्हणतो चढावर, आणि फ्रीझ फ्रेम म्हणते ७५० आरपीएम, वेग शून्य, कूलंट ३० अंश. मग प्रश्न पुन्हा विचारावे लागतात. कोड पुसला की ही नोंदही जाते, बॅटरी काढली की बऱ्याच गाड्यांत तेच होतं. म्हणून स्क्रीनचा फोटो काढल्याशिवाय काहीही पुसू नका. गाडी दुसऱ्या गॅरेजात नेणार असाल तर तो फोटो सोबत न्या.

खराब रस्त्याचीही आठवण ठेवा. खड्ड्यांमुळे चाकांकडून क्रँकला उलटे धक्के जातात आणि ईसीयूला ते मिसफायरसारखे वाटू शकतात. त्यासाठी बऱ्याच गाड्या चाकांच्या सेन्सरवरून रस्ता खडबडीत आहे हे ओळखतात, पण त्यातलाच एखादा सेन्सर बिघडला तर ही सोय जाते. इंजिनाच्या कोडसोबत एबीएसचा (ब्रेक लावताना चाकं लॉक होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा) कोड असेल तर त्याकडे दुर्लक्ष करू नका.

डोळे, नाक आणि टॉर्च

दोन वर्षांपूर्वी श्रावणात सत्तरी तालुक्यातल्या एक शिक्षिका गाडी घेऊन आल्या. चार सिलिंडरची पेट्रोल गाडी, सकाळी शाळेला जाताना झटके, दहा वाजेपर्यंत गाडी एकदम ठीक. कोड पी०३०४. एका वर्कशॉपमध्ये चारही प्लग आणि दोन कॉईल बदलून झाल्या होत्या, वर इंजेक्टर क्लीनिंगही. बिल त्यांनी पर्समधून काढून माझ्यासमोर ठेवलं आणि म्हणाल्या, "बाब, आता मला खरं सांगा, ही गाडी विकून टाकू का?"

मी त्यांना पान भरायला दिलं. त्यांनी शिक्षकाच्या अक्षरात नीट लिहिलं: रात्री पाऊस पडला तरच. रविवारी भर दुपारी गाडी धुतली तेव्हाही. गाडी उभी असते घरामागच्या फणसाखाली.

चौथ्या सिलिंडरची कॉईल वर ओढली तर तिच्या रबरी बुटाच्या टोकावर पाण्याचे थेंब. टॉर्च लावून प्लगच्या विहिरीत (प्लग बसतो त्या खोल भोकात) बघितलं तर तळाशी पाणी चकाकत होतं. प्लग काढला. पांढऱ्या चिनीमातीवर वरून खालपर्यंत एक बारीक काळी रेघ, टोक केलेल्या पेन्सिलने ओढावी तशी. बोटाने पुसून जाईना. ठिणगीने प्लगच्या टोकाऐवजी बाहेरून उडी मारायला सुरुवात केली की हा रस्ता जळून कोरला जातो आणि मग वीज पुन्हा पुन्हा त्याच सोप्या रस्त्याने जाते. बुटाच्या आतही तशीच रेघ होती. प्लग नवा टाकून जुना बूट तसाच ठेवला तर रेघ नव्या प्लगवर पुन्हा उमटते, म्हणून हे दोन्ही नेहमी जोडीने बदलायचे.

पाणी आलं कुठून? समोरच्या काचेखालच्या जाळीत फणसाची पानं कुजून चिखल झाला होता, पाणी निघून जायचं भोक बंद. साचलेलं पाणी रबरी पट्टीवरून ओघळून नेमकं इंजिनाच्या मागच्या टोकाला, चौथ्या सिलिंडरवर पडत होतं. भोक तारेने मोकळं केलं, नवा प्लग, नवा बूट, आत डायइलेक्ट्रिक (वीज न वाहणाऱ्या) ग्रीसचा बारीक थर. या गाडीची गोष्ट इथे संपली नाही, बुलेटिनच्या भागात तिच्याकडे परत येतो.

तेव्हा बॉनेट उघडल्यावर आधी हात मागे बांधून नुसतं बघा. काचेखालची जाळी. प्लगच्या विहिरीत पाणी आहे की तेल (तेल असेल तर वरच्या कव्हरचं सील गेलंय, आणि तेलाने बुटाचं रबर फुगून मऊ पडतं). पावसात उंदीर उबेला बॉनेटखाली शिरतात आणि इंजेक्टरच्या वायरचं प्लॅस्टिक कुरतडतात, लेंड्या दिसल्या की वायरी हाताने चाचपून बघा. मोरजी, कळंगुट, कोलव्याकडच्या गाड्यांत खाऱ्या हवेने कपलरच्या पिनांवर हिरवट थर येतो. वरून कपलर ठाकठीक दिसतो, काढून बघितल्याशिवाय कळत नाही. इंजिनाची अर्थिंगची पट्टीही तशीच गंजते. सेल्फ मारताना मल्टिमीटरची एक वायर बॅटरीच्या निगेटिव्ह टोकाला आणि दुसरी इंजिनाच्या उघड्या धातूला लावा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दाखवत असेल तर अर्थिंग आधी दुरुस्त करा, मग पुढचं.

अदलाबदल: फुकटातली सगळ्यात चांगली चाचणी

कोड एकाच सिलिंडरचा असेल तर तिथली कॉईल शेजारच्या सिलिंडरला लावा आणि तिथली इकडे आणा. इंजिन बंद, चावी काढलेली, इंजिन थंड. फोटो काढून ठेवलेला आहेच, आता कोड पुसा आणि गाडी त्रास देते त्याच परिस्थितीत चालवा. पी०३०२ चा पी०३०३ झाला तर कॉईल दोषी, एक नवी घ्या, चार नको. कोड जागचा हलला नाही तर कॉईल निर्दोष, तेच प्लगबाबत करा. प्लगही निर्दोष ठरला तर इंजेक्टर, वायरिंग आणि कम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) उरलं.

एका वेळी एकच वस्तू हलवायची. कॉईल, प्लग आणि इंजेक्टर एकदम हलवले की कोड हलूनही काही कळत नाही.

इंजिन चालू असताना कॉईल वर ओढून बघण्याची जुनी सवय सोडून द्या. त्या कॉईलमध्ये वीस-तीस हजार व्होल्ट असतात, माणसाला झटका बसतो, ईसीयूमधला कॉईल चालवणारा भाग जळू शकतो आणि न पेटलेलं पेट्रोल थेट कन्व्हर्टरमध्ये जातं. कुठला सिलिंडर काम करत नाही हे बघायचंच असेल तर इंजेक्टरचा कपलर काढा किंवा स्कॅनरवरून इंजेक्टर बंद करा. चांगला सिलिंडर बंद केला की आरपीएम पडतो. बंद करूनही काही फरक पडला नाही तो सिलिंडर आधीच बसलेला आहे.

प्लग काढलाच आहे तर नीट वाचा. टोकाचा फिका तपकिरी रंग चांगला. कोरडी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त. तेलकट काळा म्हणजे रिंग किंवा व्हॉल्व सीलमधून ऑईल येतंय. पांढराफटक, फोड आलेला प्लग म्हणजे मिश्रण पातळ (पेट्रोल कमी) किंवा इंजिन तापतंय. चार प्लगांपैकी एकच वाफेने धुतल्यासारखा स्वच्छ असेल तर त्या सिलिंडरमध्ये कूलंट शिरत असावं. गॅप गाडीच्या पुस्तकात असेल तेवढाच ठेवा, साधारण ०.८ ते १.१ मिलिमीटरच्या दरम्यान असतो. सीएनजीच्या गाड्यांत प्लग लवकर संपतो, कारण गॅस पेटवायला जास्त व्होल्टेज लागतं आणि वाढलेला गॅप तिथे आधी जाणवतो. पेट्रोलवर बरी आणि गॅसवर मिसिंग, अशी गाडी आली की मी आधी प्लगचं वय विचारतो.

नवा प्लग बसवताना आटे आधी हाताने लावा. ॲल्युमिनियमच्या हेडचे आटे एकदा गेले की काम फार वाढतं.

हवा आणि इंधन

स्कॅनरवर फ्युएल ट्रिम दोन दिसतात, तात्पुरती आणि दीर्घ मुदतीची. ईसीयू मूळ हिशेबापेक्षा किती टक्के पेट्रोल जास्त किंवा कमी सोडतोय ते हे आकडे सांगतात. दोन्हींची बेरीज साधारण अधिक-उणे दहाच्या आत असली की मी काळजी करत नाही. आयडलला अधिक वीस आणि २५०० आरपीएमला अधिक पाच असेल तर कुठेतरी मोजमापाबाहेरची हवा आत येतेय. मॅनिफोल्डचं (हवा सिलिंडरांत नेणाऱ्या नळ्यांचं) गॅस्केट, ब्रेक बूस्टरचा पाईप, पीसीव्हीचा (क्रँककेसमधला वायू परत इंजिनात नेणारा) पाईप तपासा. उलट आयडलला ठीक आणि चढावर ट्रिम वाढत गेली तर पेट्रोल पुरत नाही, फिल्टर तुंबलाय किंवा पंप थकलाय. तिथे गेज लावून दाब मोजायचाच. साध्या पोर्ट इंजेक्शनच्या गाड्यांत तो बहुधा ३ ते ४ बारच्या दरम्यान असतो, नेमका आकडा त्या मॉडेलच्या मॅन्युअलमधला धरा.

ई-२० पेट्रोलबद्दल रोज विचारलं जातं. शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला पूर्ण जळायला १४.७ भाग हवा लागते. १० टक्के इथेनॉलच्या मिश्रणाला सुमारे १४.१ आणि २० टक्क्यांच्या मिश्रणाला सुमारे १३.५. म्हणजे तेवढ्याच हवेला इंधन थोडं जास्त सोडावं लागतं, आणि १० टक्क्यांच्या हिशेबाच्या जुन्या गाडीत ट्रिम चार-पाच टक्क्यांनी वर सरकलेली दिसते. तेवढ्याने मिसिंग होत नाही. पण ज्या गाडीचा पंप किंवा फिल्टर आधीच काठावर होता, ती त्या काठावरून घसरते.

पाण्याचा प्रश्न मात्र खरा आहे. इथेनॉल पाणी ओढून घेतं. पाणी एका मर्यादेपलीकडे गेलं की इथेनॉल आणि पाणी मिळून पेट्रोलपासून वेगळे होतात आणि टाकीच्या तळाशी बसतात, जिथून पंप ओढतो. पावसाळ्यात महिना-दोन महिने उभी राहिलेली, टाकी अर्धी रिकामी असलेली गाडी चवथीला कुणी मुंबईहून आल्यावर बाहेर काढतात आणि ती कोपऱ्यावरच बंद पडते, तेव्हा मी स्वच्छ काचेच्या बाटलीत थोडं पेट्रोल काढून तासभर ठेवतो. तळाशी वेगळा थर दिसला की टाकी रिकामी करून धुवायची. हे काम उघड्यावर, सिगारेट आणि उघड्या वायरींपासून लांब करायचं.

कम्प्रेशन शेवटी, पण टाळू नका

कॉईल, प्लग, इंजेक्टर, हवा सगळं ठीक निघालं तर दाब मोजा. इंजिन गरम, चारही प्लग बाहेर, इंजेक्टर आणि कॉईलचे कपलर काढलेले, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला, आणि प्रत्येक सिलिंडरला सारखेच पाच-सहा फेरे. बहुतेक पेट्रोल इंजिनांत १५० ते २०० पीएसआयच्या आसपास येतं, पण त्या आकड्यापेक्षा चारांतला फरक जास्त बोलतो. एखादा सिलिंडर बाकीच्यांपेक्षा पंधरा टक्क्यांहून खाली असेल तर त्यात चमचाभर ऑईल टाकून परत मोजा. दाब वाढला तर रिंग गेल्यात. वाढला नाही तर व्हॉल्व किंवा हेड गॅस्केट. शेजारशेजारचे दोन सिलिंडर एकदम खाली असतील तर बहुधा त्यांच्यामधलं गॅस्केट फुटलंय.

आता बुलेटिन

एकाच मॉडेलच्या अनेक गाड्यांत एकाच प्रकारची तक्रार यायला लागली की कंपनीचे इंजिनीअर तिचा छडा लावतात आणि डीलरांच्या वर्कशॉपना कागद पाठवतात. तो टेक्निकल सर्व्हिस बुलेटिन. रिकॉल वेगळा. रिकॉलमध्ये सुरक्षेचा किंवा पर्यावरणाचा दोष असतो आणि कंपनी गाड्या बोलवून फुकट दुरुस्त करते. आपल्याकडे मोटार वाहन कायद्यात २०१९ साली कलम ११०अ आलं आणि १ एप्रिल २०२१ पासून सरकारला रिकॉलचा आदेश देता येतो. या दोन्हींच्या मध्ये सर्व्हिस कॅम्पेन असतं: कंपनी स्वतःहून ठरावीक गाड्यांत काही बदलून देते. बुलेटिन निघालं म्हणून दुरुस्ती आपोआप फुकट होत नाही. वॉरंटी चालू असेल तर ती वॉरंटीत धरायला बुलेटिनचा मोठा आधार होतो. वॉरंटी संपलेली असेल तरी आजार कुठे आहे ते कळतं, आणि तेच निम्मं काम.

अमेरिकेत कंपन्यांना ही बुलेटिन तिथल्या रस्ता सुरक्षा खात्याला द्यावी लागतात आणि ती खात्याच्या संकेतस्थळावर कुणालाही वाचता येतात. आपल्याकडे ती डीलरच्या कॉम्प्युटरवरच राहतात. म्हणून सर्व्हिस ॲडव्हायझरला नेमका प्रश्न विचारा: "माझ्या चॅसिस नंबरवर कुठला रिकॉल किंवा कॅम्पेन बाकी आहे का? आणि या लक्षणावर या मॉडेलचं बुलेटिन आहे का?" दोन्ही उत्तरं जॉबकार्डवर लिहून घ्या. केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याचं राइट टू रिपेअर पोर्टल डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झालं, तिथेही काही कंपन्यांची सर्व्हिसची माहिती मिळते.

बुलेटिन हातात आलं की मी या क्रमाने वाचतो. सगळ्यात आधी तारीख, आणि ते जुन्या एखाद्या बुलेटिनच्या जागी आलंय का. जुनं रद्द झालेलं बुलेटिन बघून लोकांनी पार्ट मागवलेले मी पाहिलेत. मग मॉडेल, इंजिन आणि चॅसिस नंबरची किंवा बनावटीच्या तारखेची मर्यादा. तुमचा १७ अक्षर-आकड्यांचा नंबर आरसीवर आहे, तो त्या मर्यादेत बसतो का ते बघा. पुष्कळदा नाव तेच असतं पण परदेशातल्या गाडीचं इंजिन वेगळं असतं. इंटरनेटवरून छापून आणलेलं बुलेटिन इथेच बाद होतं.

त्यानंतर लक्षणाचा परिच्छेद, आणि माझ्या मते सगळ्या कागदातला तोच महत्त्वाचा. कोड सारखा असणं पुरत नाही, परिस्थिती सारखी हवी. बुलेटिन म्हणत असेल "रात्रभर उभ्या गाडीत, थंड इंजिनावर, पहिल्या मिनिटात" आणि तुमची गाडी गरम झाल्यावर घाटात मिसिंग मारत असेल, तर कोड तोच असूनही ते बुलेटिन तुमचं नाही. पुढे कारण येतं आणि मग कृती, तीत बहुधा आधी करायच्या चाचण्या दिलेल्या असतात. त्या गाळून थेट पार्टवर उडी मारणं ही वर्कशॉपमधली सगळ्यात मोठी चूक. शेवटी जुन्या आणि नव्या पार्टचे नंबर. नंबरच्या शेवटचं एखादं अक्षर बदललेलं असतं आणि तोच सुधारलेला पार्ट असतो. दुकानात जुना साठा शिल्लक असेल तर जुनाच आजार नव्याने बसवला जातो, म्हणून डब्यावरचा नंबर स्वतः वाचा. कृती सॉफ्टवेअर अपडेटची असेल तर ईसीयूचा कॅलिब्रेशन नंबर (सॉफ्टवेअरच्या आवृत्तीचा) आधी आणि नंतर लिहून घ्या. काही बुलेटिन असंही सांगतात की हा आवाज किंवा ही थरथर त्या गाडीचा स्वभाव आहे, पार्ट बदलू नका. तेही कामाचं.

उदाहरण द्यायचं तर क्रायस्लरच्या ३.६ लिटर व्ही-६ इंजिनाचं. २०११ ते २०१३ च्या काही गाड्यांत डाव्या बाजूच्या हेडमध्ये दोष होता आणि पी०३०२ सारखे कोड पडत. असल्या दोषात कॉईल आणि प्लग कितीही बदलले तरी कोड दुसऱ्या सिलिंडरवरून हलत नाही, दाबाच्या चाचणीतच खरं कळतं. कंपनीने पुढे त्या हेडची वॉरंटी १० वर्षं किंवा १,५०,००० मैलांपर्यंत वाढवली. अदलाबदल करून कोड हलला नाही हे ज्याने लिहून ठेवलं होतं, त्याचं म्हणणं डीलरसमोर टिकायला किती सोपं गेलं असेल!

शिक्षिकाबाईंच्या गाडीचंही तसंच झालं. पाणी कुठून येतं ते कळल्यावर मी कंपनीच्या वर्कशॉपमध्ये काम करणाऱ्या मित्राला फोन केला. त्याने कॉम्प्युटरवर बघून सांगितलं, या मॉडेलला काचेखालची रबरी पट्टी बदलण्याचं बुलेटिन आहे. लक्षणात शब्द होते: पावसानंतर किंवा गाडी धुतल्यावर, मागच्या सिलिंडरवर मिसफायर. बाईंनी पानावर लिहिलं होतं जवळजवळ तेच. चॅसिस नंबरही मर्यादेत बसला. सुधारलेली पट्टी मागवली, आली, पंधरा मिनिटांत बसली. आधीच्या वर्कशॉपने पाऊस हा शब्द जॉबकार्डवर लिहिलाच नव्हता, "गाडी झटके मारते" एवढंच होतं. त्या तीन शब्दांवरून कुणाला बुलेटिन सापडणार?

म्हणून डीलरकडे तक्रार लिहिताना पूर्ण लिहा: कोड, फ्रीझ फ्रेमचा फोटो, परिस्थिती, काय हलवून बघितलं आणि त्याचं काय झालं. वॉरंटीत असूनही काम नाकारलं तर नाकारण्याचं कारण लेखी मागा. ग्राहक हेल्पलाईन १९१५ आहे, आणि ५० लाखांपर्यंतच्या प्रकरणांना जिल्हा ग्राहक आयोग आहे, उत्तर आणि दक्षिण गोव्यात वेगवेगळा. तिथेही हीच कागदपत्रं उपयोगी पडतात.

दुरुस्ती झाली हे कसं ठरवायचं

कोड पुसून दिवा गेला म्हणजे गाडी बरी झाली असं धरू नका. ज्या परिस्थितीत त्रास होत होता, तीच परत निर्माण करा. थंड इंजिनावरचा आजार असेल तर गाडी रात्रभर उभी ठेवून सकाळी सुरू करा. बऱ्याच गाड्यांत स्कॅनरवर प्रत्येक सिलिंडरच्या मिसफायरचा वेगळा आकडा दिसतो, तो उघडून ठेवा आणि दुसऱ्या माणसाला चालवायला बसवा. गाडी चालवता चालवता स्क्रीन बघू नका.

बाईंच्या गाडीवर मी संध्याकाळी नळीने दहा मिनिटं काचेवर पाणी सोडलं, रात्रभर गाडी उघड्यावर ठेवली आणि सकाळी त्यांनाच चालवायला बसवून केरीच्या चढाला नेलं. बाहेर सर पडत होती, वायपर चालू होते. चौथ्या सिलिंडरसमोरचा आकडा वरपर्यंत शून्यच राहिला. वर पोचल्यावर त्यांनी वही मागून घेतली आणि त्या पानाखाली स्वतःच्या अक्षरात तारीख आणि किलोमीटर टाकले.